ओझें, अंतर आणि वीज

बसावयाची मोटार विकत घेणें आणि माल वाहण्याचा टेंपो विकत घेणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मोटार घेणारा हौसेपायीं चार पैसे अधिक मोजतो, आणि ती थोडी गैरसोयीची निघाली तरी कुरकुर करून गप्प बसतो. टेंपोवाल्याचें तसें नाहीं. त्याचें वाहन हेंच त्याचें दुकान आणि तेंच त्याचें शेत. बहुधा कर्ज काढूनच तें घेतलेलें असतें. वाहन एक दिवस उभें राहिलें, तरी कर्जाचा हप्ता कांहीं उभा राहत नाहीं. म्हणून विजेवर चालणारे पिकअप आणि टेंपो रोजच्या ओझ्याच्या कामास उपयोगी पडतील काय, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसून पोटाचा आहे. आज आपण त्याचाच विचार करूं.

विजेची मालमोटार ही कांहीं नवी कल्पना नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील मोठ्या शहरांत दुकानांचा माल घरोघर पोंचविणाऱ्या कित्येक गाड्या बॅटरीवर चालत असत. थॉमस एडिसन यांनीं विजेच्या वाहनांकरितां लोखंड आणि निकेल यांची टिकाऊ बॅटरी तयार करण्यांत आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें खर्चिलीं. पुढें पेट्रोल मुबलक झालें, शहराबाहेरचे रस्ते सुधारले आणि लोक दूर दूर जाऊं लागले. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेनें एंजिन सुरू करण्याची सोय आली, तेव्हां हातानें दांडा फिरविण्याचा त्रासहि वांचला. विजेच्या गाड्या मागें पडल्या.

परंतु एका कामांत त्या टिकल्या. ब्रिटनमध्यें घरोघर दूध पोंचविणाऱ्या विजेच्या गाड्या विसाव्या शतकांत अनेक दशकें चालत होत्या. त्या कां टिकल्या, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यांची फेरी ठरलेली होती. अंतर थोडें होतें. दर दहा-वीस पावलांवर थांबावें लागे, आणि काम संपतांच गाडी पुन्हां आपल्याच आगारांत येई. शिवाय भल्या पहांटे कोणाची झोप मोडत नसे. वाहनाचा गुण आणि कामाचा गुण यांचा तेथें मेळ बसला होता. हें उदाहरण आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढील साऱ्या विवेचनाची किल्ली त्यांत आहे.

आतां अमेरिकेंतील अलीकडील अनुभव पाहूं. पुढें बसावयाची जागा आणि मागें उघडा हौदा, अशा गाडीस तिकडे पिकअप म्हणतात. सुतार, गवंडी, शेतकरी यांचें तें हक्काचें वाहन. २०२१ च्या सप्टेंबरांत रिव्हियन कंपनीचा विजेचा पिकअप गिऱ्हाइकांच्या हातीं पडला, २०२२ मध्यें फोर्डचा एफ-१५० लायटनिंग आला आणि २०२३ च्या अखेरीस टेस्लाचा सायबरट्रक आला. यांपैकीं लायटनिंगचे आंकडे घेऊं. त्याची मोठी बॅटरी १३१ युनिट विजेची, आणि एकदां भरली असतां रिकामी गाडी सुमारें ५१५ किलोमीटर जाईल असा सरकारी दाखला. योग्य सामग्री असल्यास साडेचार टनांचा ट्रेलर ओढण्याची तिची क्षमता. कागदावर याहून अधिक काय हवें?

पण प्रत्यक्ष ट्रेलर जोडून ज्यांनीं गाडी चालविली, त्यांना असें दिसून आलें कीं मोठा ट्रेलर मागें असला म्हणजे हें अंतर जवळजवळ निम्म्यावर येतें. यांत गाडीचा दोष नाहीं, निसर्गाचा नियम आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. महामार्गावर मागें उंच, चौकोनी ट्रेलर असला म्हणजे गाडीची बहुतेक शक्ति हवा कापण्यांतच खर्च होते.

पेट्रोलच्या गाडीसहि हा नियम चुकलेला नाहीं. मग तिची तितकी अडचण कां होत नाहीं? येथें थोडें गणित करावें लागेल. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे लायटनिंगच्या त्या प्रचंड बॅटरींतील ऊर्जा अवघ्या १५ लिटर पेट्रोलाइतकी झाली! तेवढ्यावर ती गाडी ५०० किलोमीटर जाते, याचें कारण विजेची मोटर फारच थोडी ऊर्जा वायां घालविते. उलट पेट्रोल एंजिनांत दोन तृतीयांशांहून अधिक ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. विजेची गाडी ही काटकसरी गृहिणीसारखी आहे. थोडक्यांत संसार उत्तम करते, पण अवचित दहा पाहुणे आले तर कोठारांत शिल्लक नसते. बरें, कोठार मोठें करावें, तर बॅटरीचें वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. जीएमसी कंपनीचा विजेचा हमर पिकअप रिकामाच ४ टनांहून जड भरतो. ओझें वाहणाऱ्या गाडीचें स्वतःचेंच ओझें एवढें झालें, म्हणजे कोण कोणास वाहतो हा प्रश्न पडतो.

या गाड्यांचा लाभ कोणास झाला नाहीं असें मात्र नव्हे. गांवांतल्या गांवांत काम करणाऱ्या कारागिरांना त्या सोयीच्या वाटल्या. गाडींतील विजेवरच करवत चालवितां येते; योग्य जोडणी केली असल्यास घरची वीज गेली कीं गाडीवर घरहि उजळतें. तथापि किंमत जड राहिली, २०२५ च्या सप्टेंबरअखेर तेथील मध्यवर्ती सरकारची करसवलतहि संपली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत फोर्डनें पूर्ण विजेवरील लायटनिंगचें उत्पादन बंद करीत असल्याचें जाहीर केलें. पुढील लायटनिंगमध्यें बॅटरी भरण्यासाठीं पेट्रोलचें जनित्र ठेवण्याचा विचार कंपनीनें त्याच वेळीं सांगितला.

यावरून विजेचें मालवाहन फसलें असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. फसला तो आग्रह; एकाच गाडीनें हलकें काम, जड काम, जवळचें आणि लांबचें काम, सर्व कांहीं करावें हा आग्रह. आपल्याकडील परिस्थिति निराळी आहे. २००५ मध्यें आलेल्या टाटा एस या चिमुकल्या ट्रकला लोकांनीं 'छोटा हत्ती' असें समर्पक नांव दिलें. त्याची विजेची आवृत्ति २०२२ मध्यें जाहीर झाली. तिची बॅटरी २१.३ युनिटांची, म्हणजे लायटनिंगच्या एकषष्ठांश. भार ६०० किलो, आणि चांचणींतील अंतर १५४ किलोमीटर. २०२४ मध्यें एक टन भाराची आवृत्तिहि आली. आंकडे लहान आहेत खरे. पण मंडईंतून भाजी, कोठींतून सिलिंडर, वखारींतून किराणा हें कामहि लहान अंतराचेंच आहे. शहरांत वेग कमी, म्हणून हवेचा विरोध थोडा. पदोपदीं थांबावें लागतें. तेथें एंजिन उभ्या उभ्या तेल जाळतें, विजेची मोटर स्वस्थ राहते. गति कमी करतांना हीच मोटर जनित्र बनून कांहीं वीज बॅटरीस परत देते. दूधगाडीचाच हा न्याय.

आतां जमाखर्च पाहूं. प्रत्येकाच्या गांवचे भाव निराळे असतील; मी केवळ रीत दाखवितों. चांचणींतील १५४ किलोमीटर बाजूस ठेवून भरल्या गाडीस १०० च धरूं. बॅटरी भरतांना होणारी गळती धरून किलोमीटरला पाव युनिट लागेल. युनिटला १० रुपये मानले तर अडीच रुपये झाले. तेलावरील टेंपो लिटरला १५ किलोमीटर जातो आणि लिटरला ९० रुपये पडतात असें मानलें, तर किलोमीटरला ६ रुपये झाले. वांचले साडेतीन. विजेची गाडी ३ लाखांनीं महाग आणि कामाचे दिवस वर्षाला ३०० समजूं. रोज २० किलोमीटर चालविणाऱ्याचे वर्षाला २१ हजार वांचतील. जादा किंमत फिटावयास चौदा वर्षें लागतील. रोज ७० किलोमीटर चालविणाऱ्याचे साडेत्र्याहत्तर हजार वांचतील. चार वर्षांत फेड होईल. रोज १५० चालविणाऱ्याची फेड कागदावर दोन वर्षांच्या आंत होते, पण त्याची बॅटरी भर दुपारीं रस्त्यांतच संपेल! तात्पर्य, ही गाडी फार थोडें फिरणाऱ्याची नव्हे आणि फार लांब जाणाऱ्याचीहि नव्हे; ती मधल्याची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी घरोघर पिण्याच्या पाण्याचे जार पोंचवितो. विजेचा टेंपो घ्यावा कीं नाहीं, असें त्यानें मला विचारलें. मीं त्याला एक वही दिली आणि महिनाभर रोजचे किलोमीटर व भार लिहिण्यास सांगितलें. महिन्याअखेर दिसलें कीं बहुतेक दिवस ६० ते ७५ किलोमीटर होतात. चार दिवस मात्र लग्नाचें सामान घेऊन घाटापलीकडे जावें लागलें. ते चार दिवस त्यानें मित्राच्या टेंपोवर सोंपविण्याचें ठरविलें. हिशेब सुटला, तथापि गाडी अद्याप आली नाहीं. कारण तो चाळींत राहतो, टेंपो रात्रीं रस्त्यावर उभा असतो, आणि तेथें वीज भरावयास जागा नाहीं. ज्या मोठ्या गृहसंकुलांत तो रोज पाणी देतो, तेथें पैसे भरून रात्रीं एक जोडणी वापरूं द्यावी अशी त्यानें विनंति केली. बाहेरच्या गाड्या नकोत, असें उत्तर मिळालें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांना टेंपो घ्यावयाचा नाहीं, हें मी जाणतों. परंतु आपल्या घरचें धान्य, कपाट, पाणी टेंपोंतूनच येतें आणि त्याचा धूर आपल्याच गल्लींत राहतो. आपल्या देशांतील विजेचा मोठा वाटा अजून कोळशापासूनच येतो, तेव्हां विजेच्या गाडीनें धूर सर्वस्वीं नाहींसा होतो असें मी म्हणणार नाहीं; पण मुलांच्या नाकाशीं येणारा धूर आणि कानाशीं होणारी घरघर यांतून गल्ली सुटते, हें लहान नव्हे.

तेव्हां ज्यांना टेंपो घ्यावयाचा आहे त्यांनीं जाहिरातींतील मोठ्या आंकड्याआधीं स्वतःच्या महिन्याची वही पाहावी. बॅटरी जुनी होईल तशी तिची शक्ति घटेल, म्हणून फेरीच्या दीडपट अंतराची गाडी घ्यावी आणि बॅटरीच्या हमीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आणि ज्यांना टेंपो घ्यावयाचा नाहीं, त्यांनीं आपल्या गृहसंस्थेच्या पुढील सभेंत एक विषय मांडावा : आपल्या दारीं रोज येणाऱ्या टेंपोवाल्यास, निराळें मीटर लावून आणि योग्य दर घेऊन, रात्रीं एक जोडणी देतां येईल काय? सभेंत आक्षेप निघतील. त्यांचीं उत्तरेंहि निघतील. एका गाडीचें तेल आणि एका घरचा हप्ता त्या एका जोडणीवर अवलंबून असूं शकतो.