खारं पाणी, किडनी आणि मोजणीचा पैसा

(वसंत व्याख्यानमालेत अकोल्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘सार्वजनिक आरोग्य, संशोधन आणि निधी’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. एवढ्या मोठ्या मांडवाखाली कोणीही काहीही बोलून जाऊ शकतो. म्हणून मी विषय आपल्या पायाखालीच आणतो. पूर्णेचा खारपाणपट्टा आणि तिथली किडनीची दुखणी, एवढंच आज बोलायचं आहे.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा वऱ्हाडापुढं मोठाच पेच होता. समुद्र आणायचा कुठून? कार्यकर्ते आपल्याच जिल्ह्यातल्या दहीहांड्याला गेले आणि तिथल्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. या भागातल्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढायची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो, सांगावाच. पण मीठ निघेल इतकं खारं पाणी ज्या मुलखात आहे, त्या मुलखातली माणसं पिढ्यान्पिढ्या काय पीत आली आणि त्याचं त्यांच्या शरीरात काय झालं, हा त्याच इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. तो कोणी नीट लिहिलेला नाही.

वर गाविलगडचे डोंगर आणि मध्ये खचलेलं पूर्णेचं खोरं. त्यात काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. या गाळातलं पाणी खारं. अमरावतीतले दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोल्यातले अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि पुढं बुलडाण्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके, कुठं पूर्ण तर कुठं अर्धे, या पट्ट्यात येतात. इथल्या बाईला प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही सवलत खारपाणपट्ट्यानं जन्मभर वापरली, आणि बऱ्याच बोअरवेलींनी तीही ओलांडली.

या पाण्यावर पैसा खर्च झालाच नाही, असं मी म्हणणार नाही. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना झाली, शहानूरवरून अंजनगाव-दर्यापूरकडं पाणी गेलं. कुणाचं पाणी कुणाला द्यायचं यावरून भांडणंही झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांना आणि खाऱ्या पाण्याला सोबत घेऊन नागपूरकडं पायी निघाले होते. त्यातलं राजकारण ज्याचं त्यानं तपासावं.

उपचारावरही पैसा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनीचं प्रत्यारोपणही होतं. या सगळ्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण डायलिसिसच्या खोलीबाहेर एकदा तासभर बसून बघा. आठवड्यातून दोनदा, एकेका वेळी चार तास सुई टोचून पडायचं. त्याआधी पहाटेची एसटी, सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. उपचार फुकट असतो, तिकीट फुकट नसतं. दर्यापूरकडच्या एका गड्याला तिथं डॉक्टर सांगत होते, दिवसाला लिटरभरच पाणी, त्यातच चहा-वरण आलं. तो हसून म्हणाला, “आता गावात नयाचं गोड पानी आलं, तं तुमी पिऊ देत नाही बाप्पा!” सगळे हसले. डॉक्टरही हसले, आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

तर नळाला पैसा आहे, मशीनला पैसा आहे. ‘का?’ या प्रश्नाला मात्र पैसा नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

तुम्ही म्हणाल, ‘का’ काय विचारता? पाणी खारं, म्हणून किडनी गेली. गावातलं पोरही सांगेल. पण इथंच सावध व्हायला हवं. मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतीवाले आणि आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानमचा नारळ-काजूचा पट्टा, या तिन्ही ठिकाणी मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत. संशयित अनेक आहेत: उन्हातली मेहनत आणि शरीरातलं पाणी आटणं, कीटकनाशकं, अंगदुखीवर पटापट गिळलेल्या गोळ्या, पाण्यातले फ्लोराइड आणि जड धातू. एकट्यादुकट्या कारणावर अजून सर्वमान्य बोट ठेवता आलेलं नाही. आता हे सगळे संशयित आपल्या गावात आहेत का, बघा. पारा पंचेचाळीस पार जातो, कपाशीवर फवारणी असते, आणि अंग दुखलं की किराणा दुकानातही गोळी मिळते. एकट्या पाण्याला फाशी देऊन मोकळं झालो आणि खरा गुन्हेगार भलताच निघाला, तर नळ येऊनही माणसं डायलिसिसला जात राहतील.

अंदाज किती दगा देतो, याचा दाखला बांगलादेशात आहे. तिथल्या किनारपट्टीवर डाकोप भागात गरोदर बायकांचा रक्तदाब कोरड्या ऋतूत, म्हणजे पाणी जास्त खारं होतं तेव्हा, वाढलेला आढळला. निष्कर्ष सरळ वाटला. पण पुढं त्या किनारपट्टीवर आणखी मोजमाप झालं, तर सौम्य खारं पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोडं पाणी पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमीच निघाला! त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही होतं आणि त्यानं सोडियमचा परिणाम झाकला, असं संशोधकांचं म्हणणं. म्हणून कोणी उद्यापासून खारं पाणी प्यावं असं नाही. पण आपल्या गावोगावी वीस लिटरच्या कॅनमधून आरओचं, म्हणजे सगळेच क्षार काढून घेतलेलं पाणी जातंय, त्याचाही हिशेब कोणीतरी ठेवला पाहिजे की नाही?

या भागात संशोधनाला पैसा कधी मिळालाच नाही, असंही नाही, आणि हेच मला जास्त बोचतं. १९६९ साली इथं अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं. खारपाणपट्ट्याची चोपण जमीन कशी सुधारायची, जिप्सम किती टाकायचं, शेततळ्याचं गोडं पाणी कसं वापरायचं, यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१८ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे ४,००० कोटींचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची ९३२ गावं घेतली. २०१५ पासून शेतकऱ्याच्या हातात मृद आरोग्य पत्रिका आली. म्हणजे अकोट तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या वावराचा सामू किती आणि क्षारता किती, हे छापील कागदावर दाखवता येतं. त्याच वावरात राबणाऱ्या त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती साथ देतेय ते सांगणारा आकडा, किती, ते मात्र तो उलट्या होऊन दवाखान्यात भरती झाल्यावर कळतं. तोवर किडनीचं निम्म्याहून जास्त काम संपलेलं असतं. मातीवर झालेल्या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. तशीच पत्रिका माणसाच्याही हातात यावी, एवढंच म्हणतो.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरा कोट आणि परदेशी यंत्र दिसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं? आधी गावोगावचे जन्म-मृत्यू मोजले. मग ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढं देशभरातल्या आशाताई त्याच वाटेनं बाळाच्या घरी जाऊ लागल्या. तुलनेची ती ४७ गावं नसती, तर हे सगळं ‘चांगलं काम चाललंय’ एवढ्यावरच थांबलं असतं. आपल्या मेळघाटातही उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेनं उपचाराइतकंच मोजणीला महत्त्व दिलं.

सेवा वऱ्हाडाला नवी नाही, तिला शोधाची जोड मात्र क्वचितच मिळाली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं आणि अमरावतीचं तपोवन उभं राहिलं. त्यांच्या करुणेला तोड नव्हती. पण कुष्ठरोग खात्रीनं बरा करणारी बहुऔषध पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवली ती १९८१ साली. मधली पस्तीस वर्षं माणसं तपोवनात मायेनं राहिली, आणि औषध मात्र दूर कुठंतरी कोणाच्या तरी संशोधनावर झालेल्या खर्चातून आलं. आपल्याकडं दान देताना लोक हात आखडत नाहीत. गाडगेबाबांच्या नावानं दादरला धर्मशाळा उभी राहिली आणि आजही कॅन्सरचे रुग्ण तिथं उतरतात. ॲम्ब्युलन्सला आपण पैसे देतो, शवपेटीलाही देतो. रक्त तपासून वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र आजवर कोणी देणगी दिलेली मी पाहिली नाही. वहीवर कोनशिला बसवता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

आता करायचं काय? निसर्गानं अर्धा प्रयोग आधीच मांडून ठेवलाय. याच जिल्ह्यात पातूर आणि बार्शीटाकळी खारपाणपट्ट्याबाहेर, काळ्या पाषाणावर आहेत. ऊन तेच, कपाशी तीच, पाणी वेगळं. अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची गावं आहेत. वानचं पाणी पोचलेली गावं आहेत आणि न पोचलेलीही आहेत. अशी तीस गावं निवडा आणि गावामागं चिठ्ठ्या टाकून शंभर प्रौढ घ्या. रक्तदाब, लघवीची पट्टी, क्रिएटिनिन, प्यायच्या पाण्याचा नमुना, शिवाय फवारणी आणि गोळ्यांची चौकशी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण एकाच तपासणीवर जुनाट किडनीविकार म्हणता येत नाही. मग दरवर्षी तीच माणसं पुन्हा. जगभर तुलना करता यावी म्हणून अशा पाहणीची साधी, ठरलेली पद्धतही तयार आहे. ती नव्यानं शोधायची गरज नाही.

मनुष्यबळ आहे. २००२ पासून अकोल्यात शासकीय मेडिकल कॉलेज आहे, अमरावतीत पंजाबरावांच्या नावाचं जुनं कॉलेज आहे आणि आता सरकारीही झालंय. विद्यार्थ्यांना प्रबंध लिहायचेच असतात. पाच वर्षं प्रत्येकानं याच तीस गावांतला एकेक तुकडा उचलला, तरी मोठं काम होईल. पैसाही अगदीच दुर्मीळ नाही. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांचा राखीव हिस्सा असतो, कंपन्यांचा सीएसआर असतो, केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या योजना असतात. गोची अशी की यातला बराचसा पैसा मार्चअखेर खर्ची पडावा लागतो, आणि मार्चअखेर घाईनं मिळतं ते यंत्र. पाच वर्षांचा तंत्रज्ञ मार्चमध्ये विकत घेता येत नाही. उद्दानमला पलासामध्ये २०० खाटांचं रुग्णालय आणि किडनी संशोधन केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं, सोबत सुमारे ७०० कोटींची पाणी योजनाही. तिथं लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं धोशा लावला तेव्हा हे झालं. आपण खाटा मागू, पाणीही मागू, पण मागणीपत्रात पहिल्या ओळीवर तंत्रज्ञाचा आणि आशाताईंचा पाच वर्षांचा मेहनताना लिहा. आणि निष्कर्ष मुंबईच्या परिषदेत जाण्याआधी त्या गावांच्या चावडीवर वाचले जातील, ही अट दुसऱ्या ओळीवर.

मध्य अमेरिकेतल्या ऊसमळ्यांत कारणाचा वाद मिटण्याआधीच एक केलं गेलं. मजुरांना ठरल्या वेळी पाणी, सावली आणि विश्रांती. मोजणी चालूच होती, म्हणून किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं दिसलं. मे महिन्यात वावरात जाणाऱ्या मजुरासाठी एवढं करायला आपल्याला कोणत्याही अहवालाची वाट बघायला नको.

आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न कोणता येणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो: नाही, बोअरचं पाणी उकळून खार जात नाही.