शाळेसमोरच्या हॉटेलातली दिवाळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. दहावी, 1997 ची तुकडी)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातले अनुभव' हा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो बदलला आहे. आयटीतले अनुभव तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आहेत आणि उरलेल्यांना ते घरी ऐकावे लागतात. मी बोलणार आहे ते सकाळी तुमच्या हातात आलेल्या फराळाच्या बशीबद्दल.

हा फराळ शाळेसमोरच्या हॉटेलातून आला. आता पाटीवर 'कॅफे' लिहिलंय, पण लालबाग-परळच्या माणसाला ते हॉटेलच. त्यावरून आपल्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा झाली. "विकतचा कशाला? प्रत्येकीने घरून थोडं थोडं आणू." 'प्रत्येकीने' हा शब्द नीट ऐका. 'प्रत्येकाने' असं कुणीही लिहिलं नव्हतं! शेवटी वेळ कुणालाच नव्हता म्हणून विकतचा आला, आणि "काय करणार, घरच्याची सर नाही" असंही कुणीतरी लिहिलं. त्या वाक्याबद्दल मला थोडं सांगायचंय, कारण माझं इंजिनिअरिंग त्या विकतच्या फराळावर झालं.

आपल्या भागाचा इतिहास तुम्हाला सांगायला नको. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, बायकामुलं गावाला. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करायच्या. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. माझी आजीही अशीच खानावळ चालवायची. घरी अकरा जण जेवायला असत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आजीचे अकराच्या अकरा जण हळूहळू गावाला गेले. माझे वडील साचेखात्यात होते. म्हणजे घरातले दोन्ही पगार एकदम थांबले. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे हे सगळं ऐकून सांगतेय.

पुढच्या वर्षी नवरात्रात हॉटेलचे मालक आजीकडे आले. त्यांना दिवाळीसाठी चकली हवी होती. मिसळ, साबुदाणा वडा, पियूष हे त्यांचं वर्षभराचं काम, पण दिवाळीच्या तीन आठवड्यांत त्या छोट्या भटारखान्याला फराळ झेपेना. आजीचे हात दुखायचे, म्हणून आई पुढे झाली. तेव्हापासून दर वर्षी दसरा ते दिवाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन स्टोव्ह, एक पितळी सोऱ्या आणि पसरलेली वर्तमानपत्रं असायची.

आता थोडं इंजिनिअरिंग, विषय बदलल्याचं प्रायश्चित्त म्हणून.

घरी फराळ करणं आणि सबंध गल्लीसाठी फराळ करणं यात फक्त आकड्याचा फरक नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि कितीतरी घरांत वाटी-चमच्याचं माप रुजलं. आईचंही माप वाटीचंच. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, धणे-जिरे. हॉटेलात मात्र काटा आणि किलो. वाटीभर भाजणीला जमणारं मोहन नुसतं पटीने वाढवलं की चकली तेलात विरघळायची, कमी केलं की दगड. तेल कमी तापलं तर ती तेल पिते. जास्त तापलं तर वरून लाल, आत कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. मऊ चकली गिऱ्हाईक परत आणतं. आईने दोन दिवाळ्या घालवून आपलं कोष्टक बसवलं आणि कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलं. कामाची पद्धत लिहून ठेवायची असते, हे मी कॉलेजात नाही, त्या भिंतीवर शिकले.

आणि वेळापत्रक! सगळ्यात आधी अनारशाचं पीठ, कारण तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, मग सावलीत सुकून दळले जाणार, गुळात मुरणार. मग परदेशी जाणारे डबे, ते महिनाभर आधी निघायचे. त्यात टिकणारं तेवढंच, म्हणजे शंकरपाळे, चिवडा, शेव. नंतर चकली, नंतर लाडू, आणि करंजी अगदी शेवटी. मध्येच परतीचा पाऊस आला की गच्चीवर वाळत घातलेले पोहे गोळा करायला चाळीतली सगळी मुलं धावायची. आमच्या धंद्यात काम अडलं की तारीख पुढे ढकलतात. नरकचतुर्दशी कुणी पुढे ढकलून दाखवावी!

हे काम एकटी आई करत नव्हती. आजूबाजूच्या चाळींतल्या सात-आठ जणी होत्या. एकीचे अनारसे कधी तुपात हसत नसत, म्हणजे फुटून पसरत नसत. एकीचा बेसन लाडू. प्रत्येकीची खूण वेगळी. आईच्या चकलीला साडेतीन वेढे असायचे आणि शेपूट आत दाबलेलं असायचं, म्हणजे तळताना सुटत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आपल्या सगळ्यांच्या डब्यात काय असायचं? फराळ. सातवीत असताना मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीने मला चकली दिली. "खाऊन बघ, आमच्या घरची." मी बघितलं, साडेतीन वेढे, शेपूट आत. मी खाल्ली आणि छान आहे म्हटलं. छान होतीच. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? त्यांच्या घरचीच ती. पैसे मोजून नेलीय त्यांनी."

या उत्तरावर मी अनेक वर्षं विचार केलाय. आईला त्यात काही चोरल्यासारखं वाटलं नाही. तिच्या लेखी ती चकली दोन घरांची होती, जिथे पडली त्या घराची आणि जिथे खाल्ली गेली त्या घराचीही. ग्रुपवरचं ते वाक्य वाचताना मला हे आठवलं. 'विकतचं' आणि 'घरचं' असे दोन वेगळे डबे आपण मनात केलेत. पण या भागात तरी विकतचा फराळ कुठल्यातरी घरातच तयार होत आला. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचंच पुढे 'लिज्जत' झालं. तो पापड आपण विकत आणतो म्हणून कुणी नाक मुरडत नाही. मग चकलीनेच काय केलं?

आमच्या घरच्या फराळाचंही सांगते. तुटलेली चकली हॉटेल घेत नसे. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या अंघोळीला ताटात तुकडे असायचे. चव तीच, वेढे मोजता यायचे नाहीत एवढंच.

पण आमची खरी मेजवानी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असे. त्या दिवशी हॉटेलची फळी बंद. आत संगमरवरी टेबलं जोडून पंगत मांडलेली. फराळ करणाऱ्या सगळ्या जणी, त्यांची मुलं, भटारखान्यातले आचारी आणि टेबलं पुसणारे पोरगे, सगळे एका ओळीत. वाढायला मालक, त्यांची बायको आणि दोन मुलं. जेवणात काय? पिठलं, भाकरी, ठेचा, वरण-भात आणि ताक. तीन आठवडे तेलातुपाच्या वासात काढल्यावर तळलेलं कुणाला नकोच असायचं. पण सणाची पंगत गोडाशिवाय कशी उठेल, म्हणून मालकांच्या आई प्रत्येकाच्या पानात गुळाचा एकेक खडा ठेवत जायच्या. जेवण झालं की वही उघडून हिशेब, आणि प्रत्येकीच्या हातात पाकीट. आई तिथून घरी न येता थेट पोस्टात जायची. माझ्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांची फी त्या पासबुकातून गेली.

ती पंगत अजून होते. यंदाही झाली, मी गेले होते. आई आता चकल्या पाडत नाही, सोऱ्या दाबून दाबून खांदा गेलाय. पण भाजणी भाजताना तिला बोलावतात. ती वास घेते आणि सांगते, "अजून दोन मिनिटं."

पण बायका आता चारच उरल्यात. मालकांचा मुलगा हॉटेल बघतो. तो मला म्हणाला, "ताई, मशीनवरची चकली किलोमागे स्वस्त पडते. लोक भाव विचारतात, कुणी केली ते नाही विचारत." त्याला मी दोष देत नाही. त्यालाही दुकान चालवायचंय. मी त्याला ऑर्डरी नोंदवायला एक साधा प्रोग्राम लिहून दिला आणि सुचवलं की डब्यावर करणारीचं नाव छापू. मोठ्या उत्साहाने भटारखान्यात जाऊन सांगितलं. अनारसेवाल्या काकू म्हणाल्या, "नाव कशाला गं? मजुरी वाढवायला सांग." यंदा त्याने दोन्ही केलं. नाव ठळक छापलं, मजुरी त्या मानाने बारीक वाढवली. सकाळच्या डब्यांवरची चार नावं तुमच्यातल्या किती जणांनी वाचली, ते विचारत नाही. रिकामे डबे मागच्या टेबलावर आहेत, जाताना वाचा.

तुमच्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वर्षी आपल्या तुकडीतल्या ज्यांना फराळ विकत घ्यायचाय, त्यांनी तो इथून घ्यावा, आणि ऑर्डर दसऱ्याच्या आधी द्यावी. आधी कळलं तर भाजणीचा अंदाज येतो आणि त्या बायकांना शेवटच्या चार रात्री जागावं लागत नाही. भाव करू नका. सॅन होजे आणि सिंगापूरवाल्यांनी तर महिनाभर आधीच सांगावं, ओली करंजी मागू नये. आणि पाहुण्यांपुढे बशी ठेवताना बेलाशक 'आमच्या घरचा' म्हणा. आईची हरकत नाही. फक्त कुणी विचारलंच तर करणारीचं नावही सांगा.

चहा झालाय, आणि अनारसे अजून उरलेत असं मला मागून खुणेने सांगतायत. तेव्हा एवढं बोलून थांबते.