यंत्राआधी मांडणी

आमच्या वसई पूर्वेच्या सातिवलीत गाळ्यागाळ्यांतून लहान कारखाने चालतात. माल झपाट्याने तयार होतो. मागणी आली की मात्र नेमका खोका सापडत नाही. मग सल्ला मिळतो, 'यंत्र बसवा.'

जरूर बसवा, पण क्रमाने. प्रथम प्रत्येक फळीला क्रमांक द्या. जास्त खपाचा माल दाराजवळ ठेवा. आधी आलेला माल आधी बाहेर काढा. रोज थोडा माल मोजून नोंदवहीशी ताडून पाहा. हे अंगवळणी पडले की बारकोड आणि हातातला स्कॅनर घ्या. १९७४ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरून असा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. आज तो लहान गाळ्यालाही परवडतो. सरकते पट्टे, यंत्रमानव त्यानंतर. नोंदच चुकीची असेल, तर यंत्र चुकीचा माल अधिक वेगाने पाठवील.

मी कवी, म्हणून एका शब्दापाशी थांबतो. 'हमाल' हा शब्द अरबीतून मराठीत आला; अर्थ, ओझे वाहणारा. त्याच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. यंत्राने त्याच्या पाठीवरचे ओझे उचलावे, त्याची रोजी उचलू नये. कोणता माल कुठे आहे, हे त्यालाच तोंडपाठ असते. म्हणून पहिला स्कॅनर त्याच्याच हाती द्या.