सत्तरीचं पत्र

१७ ऑगस्ट १८३१. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी श्रीरामपूर नावाचं गाव, तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यातलं. तिथं विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला त्या दिवशी सत्तर वर्षं पूर्ण झाली. १७९३ मध्ये तो बंगालात आला, तो मायदेशी परत गेलाच नाही.

मूळचा हा जोडे शिवणारा. पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीनं त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी अक्षरांतला कोश. माझ्या घरची बोली दखनी. शाळेत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ चुकलं की वर्ग हसायचा. त्यामुळं मला या माणसाचं कौतुक जरा जास्तच!

त्या वाढदिवशी केरीनं जेबेझ या मुलाला पत्र लिहिलं. सत्तरी गाठली ही देवाची दया, असं तो म्हणतो. पण मागं पाहता मान खाली घालावी असं पुष्कळ आहे, हेही लिहितो.

मला तिथं त्याची पहिली बायको डोरोथी आठवते. तिला इकडे यायचंच नव्हतं. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला, पुढं तिचं मन ताळ्यावर राहिलं नाही. शेजारच्या खोलीत ती आक्रोश करायची, हा भाषांतर करीत बसायचा. १८०७ मध्ये ती गेली.

आमच्याकडे वाढदिवसाची पद्धत नव्हती. माझ्या पन्नाशीला मुलींनी हट्टानं केक आणला. पाहुणे गेल्यावर बायको भांडी घासायला बसली आणि मी कवितेची वही उघडली. केरीचं पत्र आठवलं. वही मिटली, बाही सारली आणि तिच्याशेजारी भांडी विसळायला बसलो.