टोमॅटोची कोर्टकचेरी

टोमॅटो फळ की भाजी, हा वाद अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता बरं का. कारण अर्थातच पैसा. १८८३च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्या भाजीवर १० टक्के जकात, ताज्या फळांना माफी. न्यूयॉर्कचे व्यापारी जॉन निक्स म्हणाले, टोमॅटो फळ आहे, भरलेली जकात परत करा. कोर्टात चक्क शब्दकोश वाचले गेले! १८९३ साली निकाल लागला: वनस्पतिशास्त्रात फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोडाच्या जागी नाही. म्हणजे भाजीच. निक्स हरले. मला निकाल पटतो. बाजारात माल स्वयंपाकाच्या हिशोबानेच विकला जातो. आपल्याकडे मात्र वांगी, भेंडी, टोमॅटो सगळ्या फळभाज्या! आता फळभाजीवर जकात किती लावायची, तुम्हीच सांगा.