गाडीखाली वाकून बघा

शोरूममध्ये गेलात की विक्रेता आधी सनरूफ दाखवतो, मग भलामोठा स्क्रीन. त्याला थांबवा आणि गाडीखाली वाका. गुडघे मळतील, मळू द्या. सगळ्यांत खाली काय लोंबतंय? सायलेन्सर, इंजिन ऑइलचं चेंबर, की डिझेलची टाकी? त्याखाली लोखंडी पत्रा आहे की प्लॅस्टिक?

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा हल्ली सगळ्यांना पाठ असतो. पण एकट्या आकड्यावर विसंबू नका. जिम्नीचंच घ्या. परदेशात मिळणारी तीन दारांची आणि आपल्याकडची पाच दारांची, दोन्हींचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर. पण पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २२५० वरून २५९० झालं आणि उंचवट्यावर पोट टेकायच्या आधीचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला. पुढची चाकं पार होतात आणि गाडी पोटावर बसते. बंपरचंही तसंच. नाक लांब असेल, तर चढाला चाक भिडण्याआधी बंपर भिडतो.

आता चाकं कोण ओढतं ते बघू. रस्त्यावरच्या बहुतेक एसयूव्हींची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. थारसुद्धा २०२३ पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी मिळते, तेव्हा नावावर जाऊ नका. आणि फोर बाय फोर लिहिलंय म्हणून भागत नाही. खड्ड्यात एक पुढचं आणि तिरक्या बाजूचं एक मागचं चाक हवेत गेलं, की साध्या डिफरन्शियलमध्ये तीच दोन गरगर फिरतात. जमिनीवरची दोन ढिम्म! म्हणून विचारा, डिफरन्शियल लॉक होतो का? निदान मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणहून ब्रेक लावते का? विक्रेता गोंधळला तर माहितीपुस्तिका मागा.

लो रेंजबद्दल मी जरा हट्टी आहे. फौजेत जिप्सीच्या त्या दुसऱ्या छोट्या दांड्यावर माझा फार जीव. लोकांना वाटतं तो चढासाठी असतो. मला तो उतारावर जास्त लागला. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. ब्रेक दाबून खड्यांवर चाकं घसरली, तर स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही.

टायर, स्टेपनी आणि ओढायचा हूक. हूक पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवा, चेसिसला धरलेला.

माझ्या भाच्यानं नवी गाडी घेतली आणि फोन केला. "मामा, जुलैत मुलांना घेऊन ग्रांफू-बातलवरून काझाला जातोय." गाडी पुढच्या दोन चाकांची, टायर शहरी. त्या वाटेवर धोंडे आणि ओढे. दुपारी हिमनदीचं बर्फ वितळून ओढा फुगतो, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्यावर जातं. गाडी मध्येच बंद पडली तर मागच्या सीटवर सहा वर्षांची पोर आहे. मी स्पष्ट सांगितलं, या गाडीनं त्या बाजूनं जायचं नाही. सिमल्याहून किन्नौरमार्गे जा, दरडींची खबर घेऊन. लांब पडेल. ग्रांफूचीच वाट हवी असेल, तर गाडी मनालीत ठेव आणि तिथली टॅक्सी कर. दोन दिवस रुसला होता. मग टॅक्सीचे दर विचारायला त्याचाच फोन आला.