पैंजणाची चांदी आणि पॅनेलवरच्या रेघा



आमच्या शिवाजी पेठेतल्या गटाकडं मध्यंतरी एक विक्रेता आला होता. हातात सोलरचा पातळ कागद, चटईसारखा गुंडाळता येणारा. "सेंद्रिय सोलर आहे ताई, काचेचं पॅनेल आता जुनं झालं," म्हणाला. बायकांना आवडलं. पण पैसे गटाच्या बचतीतले! म्हणून मी आठवडाभर मागून घेतला आणि वाचून काढलं. तेच आज सांगते.

छपरावरचं नेहमीचं पॅनेल जवळून बघा. त्यावर बारीक रुपेरी रेघा असतात. त्या बहुतेक चांदीच्या. आपल्या हुपरीत जिचे पैंजण घडतात, तीच चांदी. ऊन पडलं की आतल्या सिलिकॉनमध्ये विजेचे कण सुटे होतात. ते गोळा करून तारेपर्यंत आणायचं काम या रेघांचं. यांना इलेक्ट्रोड म्हणतात.

सेंद्रिय सोलरमध्ये कार्बनची रसायनं असतात. शेणखताशी त्याचा संबंध नाही. इथं कण सहजासहजी सुटत नाही. जत्रेत लेकरू आईचा पदर धरून राहतं, तसा तो जोडीदाराला चिकटून राहतो. दोन वेगळी रसायनं जिथं भिडतात, तिथं पोचला तरच जोडी सुटते. त्याला जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर चालता येतं. केसाची जाडी याच्या हजारो पट. वाटेतच थांबला तर त्या उन्हाची वीज होत नाही. १९८६ मध्ये चिंग टँग या शास्त्रज्ञानं असे दोन थर जोडून दाखवले, तेव्हा उन्हातला १ टक्का वीज बनला. आता प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्याही पुढे मजल गेली आहे.

सुटलेल्या कणांना बाहेर पडायला दोन दारं लागतात. उन्हाकडचं दार पारदर्शक हवं, म्हणून तिथं इंडियम आणि कथिलाच्या ऑक्साइडचा थर देतात. मागचं दार ॲल्युमिनियमचं किंवा चांदीचं. ओल आत शिरली की हा धातू आणि रसायनं, दोन्ही खराब होतात. आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच.

आठवड्यानं तो आला, तेव्हा आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. आत काय आहे? किती वर्षं किती वीज देईल, हे लिहून देणार का? बिघडलं तर कोण येणार? सिलिकॉनच्या पॅनेलला बऱ्याच कंपन्या २५ वर्षांची हमी लिहून देतात. यानं एका वर्षाचीही दिली नाही. आम्ही पैसे दिले नाहीत.

हा शोध चांगला आहे, उद्या टिकाऊही होईल. तोवर कागदावर सही करून घ्या, मगच बचतीची पेटी उघडा.